फोटो झकास, पण नाव लागेना: हिमालयातल्या ‘डेझी’ ओळखताना होणारा घोळ आणि त्यावरचे उपाय

ऑगस्ट लागला की उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स करून आलेल्या ट्रेकर मंडळींचे फोटो नाव विचारायला आमच्याकडे यायला लागतात, आणि दरवर्षी प्रश्न तेच. ‘ही जांभळी डेझी कुठली?’ ‘हे पिवळं सूर्यफुलासारखं काय आहे?’ फोटो एकाहून एक सुरेख असतात. पाकळ्यांवर थेंब, मागे धुकं, मधोमध फूल. आणि नाव मात्र लागत नाही. मोबाईलमधल्या ॲपला विचारलं तर एकाच झाडाच्या तीन फोटोंना तीन वेगवेगळी नावं मिळतात आणि माणूस आणखी गोंधळतो.

यात कॅमेऱ्याचा दोष नसतो, आणि तुम्हाला वनस्पतिशास्त्र येत नाही हेही कारण नसतं. फोटो वरून काढलेला असतो, एवढंच. सूर्यफुलाच्या कुळातली फुलं वरून एकमेकांसारखीच दिसतात. वेगळेपण असतं ते फुलाच्या खाली, पानाच्या देठापाशी आणि सुकलेल्या बीमध्ये, म्हणजे नेमकं तिथे, जिथे कुणी कॅमेरा नेत नाही.

आधी घरच्या घरी: एकदांडी

हिमालयात जाण्याआधी सोसायटीच्या आवारातली एकदांडी बघा. काही जण तिला दगडीपाला म्हणतात. तण आहे, तोडली तर कुणी ओरडणार नाही. तिचं एक ‘फूल’ नखाने उभं फाडा. बाहेरच्या बाजूला पिवळट पांढऱ्या, टोकाला तीन दाते असलेल्या चारपाच पाकळ्या दिसतील. त्यातली प्रत्येक ‘पाकळी’ हे एक अख्खं फूल आहे. मधल्या पिवळ्या भागात बारीक नळ्या दाटीने उभ्या असतात, तीही एकेक फुलंच. म्हणजे आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर फुलोरा असतो, शास्त्रीय मराठीत ‘स्तबक’. कडेची ती किरणपुष्पकं, मधली ती बिंबपुष्पकं. आणि या सगळ्यांना खालून धरून ठेवणारी हिरव्या खवल्यांची वाटी म्हणजे छदमंडल. त्यातला एकेक खवला म्हणजे छद.

आता एखादं सुकलेलं स्तबक घ्या. प्रत्येक बीच्या डोक्यावर केसांचा झुपका असतो. साध्या भिंगातून बघितलं तर एकदांडीचा प्रत्येक केस पिसासारखा असतो, मुख्य दांडीला दोन्ही बाजूंनी आणखी बारीक केस. काही जातींत हाच केस साधा, गुळगुळीत असतो. पिसासारखा की साधा, या एवढ्याशा फरकावर हिमालयात अख्खी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरते.

सरावाची दुसरी जोडी पावसाळ्याच्या शेवटी आपल्याच घाटावर मिळते: सोनकी आणि कारळा. दुरून दोन्ही पिवळीजर्द. सोनकी उलटी करून बघा. सारख्या उंचीच्या हिरव्या छदांची एकच ओळ दिसेल, आणि तिच्या बुडाशी दोनचार अगदी चिमुकली छदं चिकटलेली. कारळ्याची म्हणजे खुरासणीची बाहेरची छदं मात्र पानांसारखी रुंद, पसरट. त्याच्या बीवर केसांचा झुपकाही नसतो, म्हणूनच त्याचं तेल गाळायला सोपं जातं असं गमतीत म्हणायला हरकत नाही. ही ‘एकच ओळ’ डोळ्यांत बसली की निम्मं काम झालं.

अडचण पहिली: जांभळी फुलं, ॲस्टर की एरिजेरॉन

सर्वांत जास्त फोटो याच जोडीचे येतात. दोघांच्या पाकळ्या जांभळ्या, मध्ये पिवळा गोल. व्हॅलीत सगळीकडे दिसणारी एरिजेरॉन मल्टिरॅडिएटस आणि तिच्या शेजारी वाढणारी ॲस्टर हिमालायकससारखी मंडळी वरून बघितली तर जुळ्या बहिणी वाटाव्यात.

सांगायची पहिली खूण म्हणजे किरणपुष्पकांची जाडी आणि गर्दी. एरिजेरॉनमध्ये ती दोऱ्यासारखी बारीक असतात, मोजायचा कंटाळा येईल इतकी असतात, आणि एकापेक्षा जास्त ओळींत असतात. ॲस्टरमध्ये ती त्या मानाने रुंद असतात आणि बहुधा एकाच ओळीत बसतात. वरून काढलेल्या फोटोत ओळी कळत नाहीत. बाजूने, फुलाच्या उंचीला कॅमेरा आणून काढलेल्या फोटोत कळतात.

दुसरी खूण पुस्तकात हमखास दिलेली असते: एरिजेरॉनची छदं साधारण सारख्या लांबीची, ॲस्टरची कौलांसारखी एकावर एक, बाहेरची आखूड आणि आतली लांब. इथेच लोक फसतात. हा नियम सखल भागातल्या ॲस्टरना चांगला लागू पडतो. उंचावरच्या हिमालयी ॲस्टरमध्ये, अगदी ॲस्टर हिमालायकस आणि ॲस्टर फ्लॅसिडसमध्येसुद्धा, छदं पानांसारखी आणि जवळपास सारख्याच लांबीची असतात. फक्त या खुणेवर गेलात तर डोंगरातला प्रत्येक ॲस्टर तुम्ही एरिजेरॉन ठरवाल. तेव्हा किरणपुष्पकांची खूण आधी, छदांची नंतर.

मधल्या गोलाचा रंगही नीट बघा. तो काळपट तपकिरी झाक असलेला दिसला, आणि लांब दांड्यावर एकच मोठं स्तबक असलं, तर ॲस्टर डिप्लोस्टेफिऑइडिसचा विचार करा. बिंबपुष्पकांच्या नळीचं तोंड गडद असतं, त्यामुळे न उमललेला गोल काळसर दिसतो आणि उमलत जाईल तसा पिवळा-नारिंगी होत जातो. पाकळ्यांच्या रंगावर मात्र अजिबात विसंबू नका. एकाच उतारावर तीच जात फिकट गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत दिसते. शिवाय ढगाळ उजेडात मोबाईल जांभळ्याला निळा करून ठेवतो.

तरीही अडलं तर शेवटचा पुरावा कुक्षीत आहे. पूर्ण उमललेल्या बिंबपुष्पकाच्या तोंडातून दोन फाटे असलेली कुक्षी बाहेर येते. एरिजेरॉनमध्ये फाट्याचं टोक आखूड, बोथट त्रिकोणासारखं. ॲस्टरमध्ये लांबट आणि टोकदार. मोबाईलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स असेल तर हेही फोटोत येतं.

जाता जाता: गणपतीच्या दिवसांत बाजारात ॲस्टर म्हणून जी फुलं विकतात तो वनस्पतिशास्त्रातला ॲस्टर नाही. तो चीनमधला कॅलिस्टेफस. ‘आमच्याकडच्या ॲस्टरसारखा दिसतो’ ही खूण म्हणून कुणी कळवू नये.

अडचण दुसरी: पिवळ्यांचा गुंता

इथे क्रमाने जावं लागतं. सगळ्यात आधी पाकळीचं टोक बघा. पाच दाते आहेत आणि मध्ये नळ्यांचा गोल नाहीच, सगळी पुष्पकं पट्टीसारखीच आहेत, असं असेल तर ते डँडेलियनच्या गोतावळ्यातलं. या गटाच्या झाडांत दुधासारखा चीक असतो, पण व्हॅलीसारख्या राष्ट्रीय उद्यानात फूल तोडायची बंदी असल्यामुळे ती परीक्षा घेता येत नाही. दात्यांची परीक्षा न तोडता होते.

तो गट नसेल तर फुलाच्या खाली जा. छदं अनेक ओळींत, आणि किरणपुष्पकं लांब, बारीक, झालरीसारखी असतील तर इन्युलाकडे वळा. छदांची एकच ओळ असेल तर आपण सोनकीच्या नातेवाइकांत आलो: सेनेसिओ, लिग्युलारिया, क्रिमँथोडियम. या गटात डोरोनिकम हा एक अपवाद आहे. त्याची लांब टोकदार छदं दोन-तीन ओळींत असतात, पण लांबीला सारखी, आणि बुडाशी ती चिमुकली जादा छदं नसतात.

सेनेसिओ आणि लिग्युलारिया यांत फूल बघून वेळ घालवू नका, पान बघा. लिग्युलारियाची बुडखाशी असलेली पानं मोठी, गोलसर किंवा हृदयाच्या आकाराची असतात आणि देठाचा तळ पसरट होऊन खोडाला म्यानासारखा वेढतो. सेनेसिओमध्ये असं म्यान नसतं. हे म्यान नेहमी गवतात लपलेलं असतं, त्यामुळे मुद्दाम गवत बाजूला सारून फोटो काढावा लागतो. फुलाचे वीस फोटो पाठवणारे लोक या एका फोटोला विसरतात.

लिग्युलारिया आणि क्रिमँथोडियमची पानं मात्र सारखीच, म्यानही सारखंच. पुस्तक सांगतं की क्रिमँथोडियमचं स्तबक एकच असतं आणि ते मान खाली घालून असतं. लिग्युलारियाची स्तबकं अनेक आणि वर किंवा बाहेर तोंड केलेली. मान खाली असल्याने पावसात पराग धुऊन जात नाहीत, तेव्हा या उंचीवर ती सोय समजण्यासारखी आहे. पण पावसात भिजलेलं कुठलंही फूल खाली वाकतं. फरक असा ओळखायचा: क्रिमँथोडियममध्ये दांडा स्तबकाच्या अगदी खाली गळासारखा वळलेला असतो आणि तिथे तो ताठ, भरीव दिसतो. भिजून वाकलेल्या फुलात दांडा लांबवर ढिला पडलेला असतो आणि किरणपुष्पकं एकमेकांना चिकटलेली असतात. दुपारी ऊन पडलं तर परतताना तेच झाड पुन्हा बघा.

आणि मग क्रिमँथोडियम आर्निकॉइडिस भेटतं, जे एका दांड्यावर अनेक स्तबकं धरतं आणि तरीही त्यांची मान खाली. त्याला पूर्वी लिग्युलारियातच धरलं होतं. इथे अडलात तर निराश होऊ नका, कारण इथे शास्त्रज्ञही अडलेले आहेत. डीएनएच्या अभ्यासांत लिग्युलारिया, क्रिमँथोडियम आणि पॅरासेनेसिओ या तीन प्रजाती एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या. ज्या चौकटीत त्यांना बसवलं आहे त्या चौकटी वंशावळीशी जुळत नाहीत. हिमालय आणि तिबेटचं पठार उचललं जात असताना, हिमयुगांत बर्फ पुढे-मागे सरकत असताना, झाडांचे लहान लहान समूह वेगवेगळ्या दऱ्यांत अडकले आणि थोड्या काळात भराभर वेगळे झाले. काही ठिकाणी ते पुन्हा भेटले आणि त्यांचे संकर झाले. अशा गटात ‘क्रिमँथोडियम–लिग्युलारिया गट’ एवढं लिहिणं हे पूर्ण उत्तर आहे, अर्धवट नाही.

डँडेलियनचं तर आणखी अवघड. त्यातली अनेक झाडं परागसिंचनाशिवायच बी धरतात, त्यामुळे प्रत्येक वाण स्वतःचीच नक्कल काढत राहतो आणि तज्ज्ञांनी त्यातल्या बारीकसारीक फरकांना हजारो नावं देऊन ठेवली आहेत. तिथे ‘टॅरॅक्सॅकम’ म्हणा आणि पुढे चाला.

पांढरी, कागदी, लोकरी

हा गोंधळ त्यातल्या त्यात लवकर सुटतो. पांढरेपणा कशामुळे आला आहे ते बघा. छदंच पांढरी, कोरडी, कागदासारखी असतील तर ॲनाफॅलिस. ती सुकल्यावरही तशीच राहतात. छदं नव्हे, तर स्तबकांच्या घोसाखाली चांदणीसारखी पसरलेली लोकरी पानं पांढरी असतील तर लिओंटोपोडियम, म्हणजे आल्प्समधल्या एडेलवाइसची हिमालयातली भावंडं.

ॲनाफॅलिसच्या आतल्या जाती फुलावरून काढायला जाऊ नका. त्यात नर आणि मादी स्तबकं बहुधा वेगवेगळ्या झाडांवर असतात, त्यामुळे एकाच जातीची दोन झाडं दोन जाती वाटतात. पान बघा. रुंद पान, ठळक तीन-पाच शिरा आणि तळाने खोडाला मिठी मारलेली: ट्रिप्लिनर्व्हिस. अरुंद पान आणि कडा खाली मुडपलेल्या: कंटॉर्टा. पानाचा तळ खोडावरून पट्टीसारखा खाली उतरत गेलेला: बुसुआ.

पाकळ्या नसलेली जांभळी: सॉस्युरिया

किरणपुष्पकं नाहीत, सगळ्या जांभळ्या नळ्या, आणि काटे नाहीत, तर बहुतेक सॉस्युरिया. काटे असतील तर सिर्सियम. सॉस्युरियाच्या जगभरात चारशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच याच उंच प्रदेशात. बीवरचा आतला झुपका एकदांडीसारखा पिसासारखा असतो.

यातली सगळ्यांना हवी असते ती सॉस्युरिया ऑबव्हॅलाटा, म्हणजे ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल. ते व्हॅलीजवळच्या हेमकुंडच्या वाटेवर, वरच्या टप्प्यात दिसतं. फिकट पिवळट, पातळ, होडीसारखी जी ‘पाकळी’ दिसते ती पाकळी नाही आणि छदमंडलही नाही. ती वरची पानं आहेत, आतल्या स्तबकांना पाऊस आणि थंडीपासून झाकणारी. ती जराशी उघडी असलेलं झाड शोधा आणि आत बघा: दाटीने बसलेली छोटी जांभळी स्तबकं, प्रत्येकाला स्वतःची काळपट छदं. हा आतला फोटो असेल तर शंकाच राहत नाही. आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीत रात्री फुलणारं ‘ब्रह्मकमळ’ हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे, एपिफायलम. त्याचा या कुळाशी काही संबंध नाही, आणि दरवर्षी कुणीतरी त्याचा फोटो तुलनेसाठी पाठवतंच.

आणखी वर, दगडांत, कापसाच्या बोळ्यासारखं काही दिसलं तर ते सॉस्युरिया गॉसिपिफोरा, फेनकमळ. ते चुकणं कठीण आहे.

फोटो कसे काढायचे

एका झाडाचे एवढे फोटो असले की नाव लागायची शक्यता खूप वाढते: वरून एक, बाजूने एक, खालून एक, बुडखाशी असलेलं पान देठाच्या तळासकट, खोडाच्या मधलं पान, शेजारी बोट किंवा नाणं ठेवून अख्खं झाड. त्याच जातीचं सुकलेलं स्तबक जवळपास असलं तर तेही. व्हॅलीत जुलै-ऑगस्टमध्ये बी धरलेली झाडं कमी, पण लवकर फुललेलं एखादं असतंच. सप्टेंबरमध्ये गेलात तर फुलं कमी दिसतील आणि ओळख जास्त पटेल.

खालचा फोटो काढायला गुडघ्यावर बसायची गरज नाही. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, समोरचा कॅमेरा आकाशाकडे करून, फुलाच्या खाली जमिनीवर ठेवा आणि टायमर लावा. मान खाली घातलेल्या क्रिमँथोडियमला हा उपाय उत्तमच. बाजूचा फोटो काढताना फोकस मागच्या डोंगरावर उडी मारत असेल तर फुलामागे तळहात धरा, फोकस जागेवर येतो. फक्त पायवाट सोडून आत शिरू नका. वाटेच्या कडेला हवं ते सगळं असतं. व्हॅलीत मुक्कामाला परवानगी नाही आणि संध्याकाळपूर्वी मुक्कामाच्या घांघरिया गावात परतायचं असतं, म्हणून पन्नास झाडांचा एकेक फोटो काढण्यापेक्षा दहा झाडांचे सहा-सहा काढा.

उंची लिहून ठेवा. व्हॅलीचा तळ साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास, हेमकुंड चार हजारांच्या बरंच वर. अनेक जोड्यांत दोघांपैकी कोण, हे उंचीवरून बरंचसं कळतं. पण उंचीवर झाड खुजं होतं, म्हणून ‘लहान आहे’ ही खूण धरू नका.

छदं मोजायची हौस असेल तर एक गंमत. सेनेसिओच्या गोतावळ्यात ती बऱ्याचदा आठ, तेरा किंवा एकवीसच्या आसपास भरतात. तेराच्या ऐवजी बारा निघाली म्हणून जात बदलत नाही. दोन-तीन स्तबकं मोजून बघा.

नाव सापडलं, पण पुस्तकात नाही

हेही नेहमीचं. 1994 साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ गाय नेसम (Guy Nesom) यांनी उत्तर अमेरिकेतले बहुतेक ॲस्टर वेगळ्या प्रजातींत टाकले, सेनेसिओतूनही कित्येक जाती बाहेर काढल्या गेल्या. त्यामुळे जुन्या पुस्तकात एक नाव, नव्या यादीत दुसरं. घाबरायचं कारण नाही. नव्या यादीत जुनं नाव समानार्थी म्हणून सापडतं, ते टाकून शोधा. आयुर्वेदिक दुकानात कोष्ठ किंवा उपलेट म्हणून जे सुगंधी मूळ मिळतं ते झाड आधी सॉस्युरिया लॅपा होतं, मग सॉस्युरिया कॉस्टस झालं, आता अनेक ठिकाणी डोलोमिआ कॉस्टस म्हणून सापडतं. झाड तेच.

हेच झाड मुळांसाठी इतकं उपसलं गेलं की त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (CITES) या धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टाखाली निर्बंध आहेत. म्हणून कोष्ठ, ब्रह्मकमळ किंवा मुळासाठी खणली जाणारी दुसरी कुठलीही वनस्पती रानात दिसली तर फोटो जरूर पाठवा, उंची लिहा, जिल्हा लिहा, पण फोटोतलं लोकेशन काढून टाका.